वर्धेच्या दोन्ही तीरांचा कोट

घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या माणसांच्या तोंडी कचेरीची उर्दू आणि रानाकडे वळलो की गोंडी. आपल्या आदिलाबादकडच्या माणसाची जीभ रोज असे चार उंबरठे ओलांडते. त्यामुळे एखादा शब्द मुळात कोणाचा, याची आपण फारशी चौकशी करीत नाही. आपण 'कोट' म्हणतो, तेलुगू शेजारीही 'कोट'च म्हणतो. आपला बुरूज त्याच्याकडे 'बुरुजु' होतो. दरवाजा दोघांचाही दरवाजाच. आपली गढी तेलंगणात 'गडी' होते आणि तिच्यातला देशमुख दोन्हीकडे देशमुखच राहतो. शब्द इतक्या सहजपणे हद्द ओलांडतात. मग ज्या दगडी भिंतींना हे शब्द लागू होतात त्या भिंती कोणाच्या, असा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाला पडल्यावाचून राहत नाही.

वर्गात किल्ल्यांची नावे विचारली की मराठी घरांतील मुले रायगड, प्रतापगड, सिंहगड सांगतात. तेलुगू घरांतील मुले गोवळकोंडा आणि वरंगळ सांगतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि दोन्हींचा अभिमान योग्यच आहे. पण सिरपूरचा कोट, माणिकगड, चांद्याचा परकोट ही नावे क्वचितच कोणी घेते. घरापासून काही तासांच्या वाटेवरचा हा इतिहास आपल्या मुलांना परका वाटतो. तो का परका झाला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हे गोंड राजांचे राजधानीचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. पण या घराण्याची मुळे वर्धेच्या अलीकडच्या, आपल्या बाजूच्या तीरावर आहेत. परंपरेने सांगितलेल्या वंशावळीत भीम बल्लाळसिंह हा आद्य पुरुष. त्याची राजधानी सिरपूर आणि भरवशाचा डोंगरी किल्ला माणिकगड. कागजनगरहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या आगगाडीत 'सिरपूर टाऊन' हे स्थानक लागते, तेच हे सिरपूर. माणिकगड तर गोंडांच्याही आधीचा. तो नागवंशी माना राजांनी बांधला असे मानतात आणि त्याच्या दरवाजावरच्या शिळेत कोरलेला नाग या समजुतीला पुष्टी देतो.

पुढे पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह गादीवर आला. त्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि कशानेच गुण येत नव्हता, असे सांगतात. राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले, वर्धा ओलांडली आणि पलीकडच्या काठावर बल्लारपूरचा किल्ला बांधून तेथे वस्ती केली. एकदा शिकारीला गेला असता तहान लागून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्राशी आला. तेथील एका खड्ड्यातल्या पाण्याने त्याने हातपाय धुतले, आणि दुसऱ्या दिवशी गाठी ओसरल्या! ते स्थान म्हणजे अंचलेश्वर. पुढची कथा सशाची. एका सशाने राजाच्याच कुत्र्याचा पाठलाग केला. राणीने त्यात शुभशकुन पाहिला आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट उभारायला सांगितले. तेल ठाकूर नावाच्या जाणत्याने आखणी केली.

हीच सशाची कथा विजयनगरची सांगतात, अहमदाबादचीही सांगतात. तेव्हा ती इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण अशा कथेत त्या काळच्या लोकांचे मन दिसते. दुबळ्याने सबळाच्या मागे लागावे असे बळ ज्या भूमीत आहे तेथे राजधानी करावी, ही त्यामागची भावना. आणि जागेची निवड केवळ शकुनावर झाली असेल असेही वाटत नाही. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि दक्षिणेला दोघींचा संगम. शत्रूची वाट अडवायला निसर्गानेच निम्मे काम करून ठेवले होते. पण पाणी जसे शत्रूला अडवते तसे पुराच्या वेळी घरातही शिरते. म्हणून शहराभोवतीची भिंत ही फौजेइतकीच पुरालाही अडवणारी झाली. पावसाळ्यात इरई फुगते तेव्हा तटाच्या आतल्या वस्तीला त्या जुन्या दगडांचा आधार आजही वाटतो.

परकोटाचा घेर सुमारे 11 किलोमीटर आहे. चार मोठे दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेला अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या म्हणजे लहान दरवाजे, त्यांची नावे बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. बुरूज 39. मसण खिडकीच्या नावातच तिचा उपयोग कळतो. चोर खिडकीचाही कळतो! दरवाजांवर एक शिल्प कोरलेले आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. हे त्या घराण्याचे राजचिन्ह.

एवढे काम एका राजाच्या हयातीत पुरे होणारे नव्हते. खांडक्याने आरंभ केला, त्याचा मुलगा हीरशाह याने दरवाजे व बालेकिल्ला उभारला आणि तट पूर्णत्वाला गेला तो धुंड्या रामशाहच्या काळी, असे परंपरा सांगते. म्हणजे पाच-सहा पिढ्यांनी एकच आखणी पुढे चालवली. मधल्या बाबाजी बल्लाळशाहचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही आला आहे. अकबराच्या दरबारी बसलेल्या लेखकाला या रानातल्या राजाची दखल घ्यावी लागली.

मुलांना मी नेहमी विचारतो, की तट बांधायला काय लागते? मुले म्हणतात, दगड. मग चुना म्हणतात, हत्ती म्हणतात. धान्य असे सहसा कोणी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाथरवट, गवंडी आणि मजूर पोसायचे तर कोठारे भरलेली हवीत, आणि कोठारे भरायची तर शेती हवी. हीरशाहची खरी थोरवी येथे आहे. जो जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणील त्याला ती जमीन सनदेने मिळेल, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल, असा त्याचा जाहीरनामा होता. चांद्याच्या मुलखात जे तलावच तलाव दिसतात त्यांची ही पूर्वपीठिका. शहरात तटाच्या आतच रामाळा तलाव आहे. आपल्या वरंगळच्या काकतीयांनीही हेच केले होते. गणपतिदेव आणि रुद्रमादेवी यांनी दगडी व मातीचे कोट उभारले, आणि त्याच घराण्याच्या अमदानीत रामप्पा आणि पाखालसारखे तलाव झाले. दख्खनच्या या भागात कोट आणि तलाव ही जुळी भावंडे आहेत. तलावावाचून कोट उभा राहत नाही आणि कोटावाचून तलावाखालचे पीक घरी येत नाही.

आता हा कोट पडला कसा ते पाहू. शेवटचा गोंड राजा नीळकंठशाह. त्याने बापाच्या विश्वासातल्या दिवाणाला ठार मारले आणि रयतेला छळले, असे जुन्या वृत्तांतांत आहे. नागपूरकर रघूजी भोसले चालून आले तेव्हा दरबारातली माणसे राजाच्या पाठीशी उभी राहिली नाहीत. 1751 मध्ये फारशी लढाई न होता चांदा भोसल्यांच्या हाती गेले आणि राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. ज्या किल्ल्यात पूर्वजांनी वर्धा ओलांडून पहिले बिऱ्हाड थाटले, त्याच किल्ल्यात वंशजाचे राज्य संपले.

जगात इतरत्रही हेच दिसते. गोवळकोंड्याला औरंगजेबाने आठ महिने वेढा दिला, पण 1687 मध्ये मोगल आत शिरले ते आतल्याच एका सरदाराने उघडलेल्या दरवाजातून. चीनच्या प्रचंड भिंतीचे शानहाय खिंडीतले दार 1644 मध्ये मिंग सेनापती वू सानग्वे यानेच मांचूंना उघडून दिले. तट फोडण्यापेक्षा माणूस फोडणे सोपे असते. आणि माणूस बहुधा तेव्हाच फुटतो जेव्हा आतले राज्य त्याला आपले वाटेनासे होते.

चांद्याचा तट खऱ्या अर्थाने फुटला तो 1818 मध्ये. एप्रिलात पांढरकवड्याजवळ बाजीराव पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कर्नल अॅडम्स चांद्याकडे वळला. मे महिन्यात तोफांनी तटाला खिंडार पाडून इंग्रज आत घुसले आणि किल्लेदार गंगासिंह लढताना पडला. पुढे त्याच बालेकिल्ल्याच्या आवारात इंग्रजांचा तुरुंग झाला. 1858 मध्ये मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगातच फाशी दिली गेली.

इंग्रजी अंमलात वर्धा ही हद्द ठरली. पलीकडे मध्यप्रांत, अलीकडे निजामाचे राज्य. सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाणारा आपला भाग 1905 मध्ये आदिलाबाद नावाचा पूर्ण जिल्हा झाला. त्या जिल्ह्यात राजुरा होते, किनवट होते. म्हणजे माणिकगडही आपल्या जिल्ह्यात आणि माहूरचा किल्लाही आपल्याच जिल्ह्यात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले, सिरपूर आंध्र प्रदेशात राहिले. 2014 मध्ये तेलंगण झाले. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि सिरपूर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. एका राजघराण्याच्या राजधान्या आणि किल्ले आज दोन राज्यांत वाटले गेले आहेत. माणिकगडच्या डोंगरातल्या चौदा गावांनी तर कित्येक वर्षे दोन राज्यांची रेशनकार्डे सांभाळली आणि दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत नावे लावली.

राज्यपुनर्रचनेविषयी माझी तक्रार नाही. भाषेच्या माणसाला आपल्या भाषेतून कारभार मिळावा हे रास्तच होते. पण हद्द आखताना इतिहासाचीही नकळत वाटणी झाली. शिवकालाच्या तेजात मराठी पुस्तकाला गोंडांचा कोट कोपऱ्यातला वाटतो आणि काकतीय-कुतुबशाहीच्या वैभवात तेलुगू पुस्तकाला तो नदीपलीकडचा वाटतो. एकदा एका मुलीने मला वर्गात विचारले, "सर, हा कोट आपला की त्यांचा?" मी म्हटले, "बांधणाऱ्याचा." त्यावर मागच्या बाकावरचा गोंड मुलगा हसला. वर्षभरात वर्गात तो फारसा बोललेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन आपल्या आजोबांकडून ऐकलेली राजांची नावे मला सांगितली. मराठी आणि तेलुगू यांच्या वाटणीत आपण ज्याला विसरतो, तो तिसरा वारस वर्गात बसलेलाच असतो, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले.

चांद्याच्या परकोटाला आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. तरीही झाडांच्या मुळ्यांनी दगड हलवले, काही ठिकाणी कचरा साचला, तटाला टेकून घरे उभी राहिली. 2017 पासून तेथील 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी हातात कोयते-फावडी घेऊन रोज पहाटे तट झाडायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला. शासनाची पाटी तटाला लागते, पण त्यावरचे झुडूप उपटायला माणूसच लागतो. सिरपूरच्या आणि उटनूरच्या कोटांना असे हात अजून लाभायचे आहेत, आणि ते हात आपल्याच गावांतून यायला हवेत.

आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे चैत्रात महाकालीच्या यात्रेला चंद्रपूरला जातात. आदिलाबाद, नांदेड, यवतमाळ या साऱ्या भागांतून माणसे लोटतात. देवीचे ते देऊळ राणी हिराईने उभारले असे मानतात, आणि ते अंचलेश्वर दरवाजाच्या बाहेर, झरपटच्या काठी आहे. म्हणजे दर्शनाला जाणारा प्रत्येक जण परकोटाच्या सावलीतून जातोच, पण पाय घाईत असतात. यंदा जाल तेव्हा दर्शन झाल्यावर मुलांना तासभर तटाच्या कडेने चालवा. दरवाजावरचा सिंह आणि हत्ती दाखवा. आणि हे बांधणारे राजे आपल्या सिरपूरहून नदी ओलांडून इकडे आले होते, एवढे त्यांना सांगा. घरात जी भाषा चालत असेल त्या भाषेत.