नाव काय लिहू?

मी ठाण्याच्या मानपाड्यातून बोलतेय, आणि आजचा एपिसोड घरातूनच सुरू होतोय.

मध्यंतरी मतदार यादीसाठी आजीचा फॉर्म मोबाईलवर भरत होते. म्हटलं, "आजी, नाव सांग." ती म्हणाली, "कुठलं? माहेरचं की सासरचं?"

मी दिवसभर कोड लिहिते. आमच्याकडे नावाचा एकच रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. आजीला दोन नावं आहेत, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं!

आता जरा मागे जाऊ. १९११ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन काश्मीरला फिरायला गेल्या. तिथे त्यांना सोफिया दुलीप सिंग भेटल्या. त्यांच्या कपड्यांवर बिल्ला होता, बायकांना मत द्या म्हणणारा. ठिणगी तिथे पडली. १९१९ मध्ये साउथबरो समितीने भारतीय बायकांना मताधिकार नाकारला, तेव्हा या मायलेकी थेट लंडनला जाऊन ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे बोलल्या. संसदेने निर्णय प्रांतांवर ढकलला. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबई प्रांताने बायकांना मत दिलं. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या.

पण गंमत बघा. मत होतं मालमत्ता किंवा कर असणाऱ्यांनाच. आणि बाईच्या नावावर काय असायचं? १९३५ च्या कायद्यानंतर बऱ्याच जणींना मत मिळालं ते बायको म्हणून. म्हणजे हक्क तिचा, पण सातबारा नवऱ्याचा!

प्रत्येक सज्ञान बाईला मत मिळालं ते संविधानाने. मग पहिल्या निवडणुकीची यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. नोंद झाली 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, नाव हवंच. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागातल्या.

मला आधी राग आला. नावापायी मत गेलं? मग वाटलं, 'अमक्याची आई' चालवून घेतलं असतं, तर देशाच्या पहिल्याच यादीत ती कुणाची तरी म्हणूनच राहिली असती. सेन यांचं बरोबर होतं असं मला वाटतं. पण किंमत त्या बायकांनी मोजली, हेही तितकंच खरं.

आणि हे तिकडचं म्हणून हात झटकू नका. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात. जुनं कुठे जातं, कोण विचारतं?

आजीच्या फॉर्ममध्ये सासरचंच नाव भरलं, कार्डावर तेच आहे. पण माझ्या फोनमध्ये आता तिचा नंबर माहेरच्या नावाने सेव्ह आहे. पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली, तर लाजली चक्क!

आज घरी गेलात की आजीला तिचं नाव विचारा. आणि यादीत तुमचं आहे ना, तेही बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.