न चिकटू देणारा वायू

कर्करोगाची पेशी रक्तातून कितीही लांब गेली, तरी नवी गाठ धरण्यासाठी तिला कुठेतरी चिकटावंच लागतं. या चिकटण्यात नायट्रिक ऑक्साइड ढवळाढवळ करतो. या शोधाचं मूळ मात्र सशाच्या महाधमनीत आहे.

ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट या धमनीच्या पट्ट्या कापून औषधं तपासत. अ‍ॅसिटिलकोलीन घातलं की पट्टी आखडायची. जिवंत प्राण्यात मात्र त्यानेच वाहिन्या सैलावत. कोडं सुटलं 1978 मध्ये. पट्टी करताना तिची आतली बाजू घासली जायची आणि जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर निघून यायचं. अस्तर जपलं, तर पट्टीही सैलावायची. 1980 साली हे छापून आलं. अस्तरातून सुटणारं द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे ठरायला 1987 उजाडलं. मोटारीच्या धुरातला वायू शरीर स्वतःच बनवतं, हे पचायला जडच! 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. हा वायू ओळखणाऱ्यांपैकीच एक, साल्वादोर मोंकादा वगळले गेले, हे मला अजून खटकतं.

1991 मध्ये पॉल क्यूब्स आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आतड्याजवळच्या बारीक शिरांत हा वायू बनणं रोखलं. पांढऱ्या पेशी भराभर भिंतीला चिकटू लागल्या. 1995 मध्ये दे कातेरिना यांच्या गटाने दाखवलं, की दाहाच्या वेळी अस्तरावर येणारा व्हीकॅम-1 हा चिकटरेणू नायट्रिक ऑक्साइडमुळे कमी बनतो. ई-सिलेक्टिन हा दुसरा चिकटरेणूही घटतो, पण तितका नाही.

पांढऱ्या पेशींची हीच वाट कर्कपेशी वापरतात. मोठ्या आतड्याच्या नि स्वादुपिंडाच्या कर्कपेशींवर सायलिल लुईस-ए ही शर्करासाखळी असते. ती ई-सिलेक्टिनला पकडते. ‘सीए 19-9’ या रक्ततपासणीत मोजतात ती हीच.

पण सगळं चिकटणं वाईट नसतं. मूळ गाठीत पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं ते ई-कॅडहेरिन. ते सुटलं की पेशी भटकायला मोकळी. वायूचंही तसंच: भरपूर असला तर कर्कपेशी मारतो, थोडाथोडा सतत मिळाला तर कित्येक गाठींत नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि पेशी पसरायला मदतच करतो. म्हणून उपचार चालू असताना ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ व्यायामशाळेतली पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.