कलम चौऱ्याऐंशीचं कूळ

नवी मुंबईत एखादा खून होतो, आरोपी जागेवरच सापडतो आणि घरचे पोलिसांना सांगू लागतात, ‘साहेब, त्याचं डोकं ठिकाणावर नाही हो, किती वर्षं गोळ्या चालू आहेत.’ तिथून दोन वेगळे प्रश्न सुरू होतात. घरच्यांना मात्र ते बहुतेक वेळा एकच वाटतात. पहिला प्रश्न आजचा: हा माणूस खटला समजू शकतो का, आपल्या वकिलाला दोन गोष्टी धड सांगू शकतो का? दुसरा त्या दिवसाचा: हात उगारला त्या घटकेला आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का?

पहिल्याची वाट ठरलेली आहे. न्यायाधीशांना शंका आली की सिव्हिल सर्जन, तिथून सरकारी मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांचं म्हणणं मान्य नसेल तर मेडिकल बोर्डाकडे अपील. बेलापूर किंवा पनवेलचं न्यायालय आणि तळोज्याचा तुरुंग यांना जवळचं मोठं सरकारी मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचं. ते १९०१ सालचं. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, म्हणजे हे रुग्णालय शहर कागदावर यायच्या जवळपास सत्तर वर्षं आधीचं. आरोपी खटल्याला उभा राहण्याजोगा नाही असा अहवाल आला, तर तो सुटत नाही, खटला थांबतो. बरा झाला की पुन्हा सुरू.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देत नाहीत, न्यायाधीश देतात, आणि ते देताना समोर असतं भारतीय दंडसंहितेचं कलम चौऱ्याऐंशी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक २२ झाला. मजकूर जवळपास तोच, आणि बार रूममध्ये नावही अजून चौऱ्याऐंशीच. मनाच्या विकृतीमुळे ज्याला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा आपण करतोय ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा नाही. सगळा भर कळण्यावर. कळत असूनही स्वतःला आवरता येत नव्हतं, या सबबीला कलमात जागा नाही. ही जागा का नाही, याचं उत्तर बेलापुरात सापडत नाही, त्यासाठी लंडनपर्यंत जावं लागतं.

तिथेही आधी अठराव्या शतकात डोकावायला हवं. १७२४ मध्ये आर्नल्ड नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायमूर्ती ट्रेसी यांनी ज्यूरीला सांगितलं होतं, की लहान मूल किंवा रानटी जनावर यांच्याइतकीच समज उरली असेल, तर आणि तरच माणूस सुटेल. पुढे १८०० मध्ये जेम्स हॅडफील्ड या माजी सैनिकाने नाट्यगृहात तिसऱ्या जॉर्ज राजावर पिस्तूल झाडलं. लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे वार झाले होते. त्याचे वकील अर्स्किन यांनी मांडलं, की हा माणूस जनावर नाही, त्याला बोलता येतं, बेत आखता येतो. पण तो बेतच भ्रमातून आला आहे. हॅडफील्ड सुटला. सुटला म्हणजे काय? पार्लमेंटने घाईघाईने कायदा केला, की अशा माणसाला राजाची मर्जी होईपर्यंत कडक बंदोबस्तात ठेवावं. या तरतुदीची नात आजही आपल्याकडे नांदते आहे. मनोविकारामुळे कोणी निर्दोष ठरला तरी त्याच्या हातून ते कृत्य घडलं की नाही हे निकालात वेगळं नोंदवावं लागतं. घडलं असेल तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या स्वाधीन करायचं. राजा गेला, बंदोबस्त राहिला.

आता आपल्याकडे. १८३४ मध्ये मेकॉले हिंदुस्थानात आले आणि १८३७ मध्ये त्यांच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा सादर केला. मेकॉलेंचं नाव निघालं की मराठी माणसाला कारकून तयार करणारं शिक्षण आठवतं, आणि मग त्यांच्याबद्दल बरं बोलणं जिवावर येतं. पण या मसुद्यातली वेडासंबंधीची दोन वाक्यं पाहण्यासारखी आहेत. जन्मजात मतिमंद माणसाने केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही, हे एक. वेडामुळे किंवा वाताच्या भरात असल्यामुळे जे घडलं तेही गुन्हा नाही, हे दुसरं. बस, एवढंच. कळत होतं का, चूक की बरोबर हे समजत होतं का, याचा पत्ता नाही. प्रश्न एकच: हे आजारामुळे घडलं का?

मसुदा पडून राहिला, तेवीस वर्षं. आणि या मधल्या काळात, २० जानेवारी १८४३ रोजी, ग्लासगोहून आलेल्या डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने लंडनच्या चॅरिंग क्रॉसजवळ एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. मारायचं होतं पील यांना, असंच सगळ्यांनी धरलं. ड्रमंड पाच दिवसांनी गेले. मॅक्नॉटनची समजूत अशी, की टोरी पक्षाचे लोक आपल्या पाळतीवर आहेत, जिथे जाऊ तिथे मागे लागतात, आपला जीव घेणार आहेत. त्याच्या खिशात साडेसातशे पौंडांच्या ठेवीची पावती निघाली. त्या काळी ही रक्कम फार मोठी. त्यामुळे त्याला नामांकित वकील मिळाले आणि साक्षीला डॉक्टरही भरपूर उभे राहिले. सरकार पक्षाला उलट सांगणारा एकही डॉक्टर उभा करता आला नाही. न्यायमूर्ती टिंडल यांनी खटला तिथेच आवरता घेतला आणि ज्यूरीने त्याला वेडेपणामुळे निर्दोष ठरवलं. त्याची रवानगी बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली, पुढे ब्रॉडमूरला, आणि १८६५ मध्ये तिथेच तो मेला.

लंडनमध्ये गदारोळ माजला. व्हिक्टोरिया राणी संतापली. तीन वर्षांपूर्वी तिच्यावरही एका तरुणाने पिस्तूल रोखलं होतं आणि तोही वेडा म्हणून सुटला होता. मग लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न घातले आणि जून १८४३ मध्ये त्यांनी उत्तरं दिली. तीच मॅक्नॉटनची कसोटी: आपण काय करतोय आणि ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? गंमत अशी, की ही कसोटी स्वतः मॅक्नॉटनला कधी लागलीच नाही. लागली असती तर तो बहुधा फासावर गेला असता, कारण पिस्तूल म्हणजे काय आणि खून म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

१८६० मध्ये कायदेपंडित बार्न्स पीकॉक यांच्या हाताखालून दंडसंहिता बाहेर आली, तेव्हा मेकॉलेंची दोन साधी वाक्यं गेली होती आणि त्यांच्या जागी या कसोटीच्या वळणाचं एक कलम आलं होतं. १ जानेवारी १८६२ पासून ते लागू झालं. माझं म्हणणं स्पष्ट सांगतो: आपल्या कायद्यात वेडाचा प्रश्न वैद्यकीय राहायचा होता; एका राजकीय हत्येच्या भीतीने तो परीक्षेचा प्रश्न झाला. १९७१ मध्ये विधी आयोगाने दंडसंहिता पुन्हा तपासली, या कलमावरही विचार केला आणि ते होतं तसंच ठेवलं.

ही परीक्षा मराठी मुलखात कशी घेतली गेली, त्याचा एक जुना नमुना मुंबई उच्च न्यायालयाच्या १८८६ च्या निकालांत आहे. क्वीन एम्प्रेस विरुद्ध लक्ष्मण दगडू. माणूस तापाने आजारी. तापात आवाज सहन होईना, मुलं रडत होती, आणि त्याने स्वतःची दोन मुलं मारली. न्यायालयाने पाहिलं, की तो चिडचिडा झाला होता, पण वातात बरळत नव्हता. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, तेव्हा ते गुन्हा आहे हेही कळत होतं असं धरायचं. दोषी. मेकॉलेंच्या मसुद्यात तो सुटला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिथे न्यायाधीशांना तापाबद्दल विचारावं लागलं असतं. इथे ताप जाणिवेच्या मागे जाऊन बसला.

कलम हललं नाही, पण त्याच्या शेजारची भिंत थोडी पोखरली गेली. १९५९ मध्ये खेडा जिल्ह्यात (तेव्हा तो मुंबई राज्यातच होता) एका माणसाने पत्नीला मारलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४ मध्ये न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी पुराव्याचं माप सैल केलं. वेड सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे खरा, पण सरकार पक्षासारखं त्याने निःसंशय सिद्ध करायला नको. दिवाणी दाव्यात चालतं तेवढं, पारडं त्या बाजूला झुकेल एवढं पुरे. आणि तेवढंही जमलं नाही, पण हेतूबद्दलच वाजवी शंका उभी राहिली, तरी तो सुटू शकतो. स्वतः हा आरोपी मात्र हरला. फायदा पुढच्यांना झाला.

त्या पुढच्यांपैकी एक महाराष्ट्रातला पोलीस शिपाई. वकील त्याचा खटला त्याच्या नावाने ओळखतात. मी नाव घेत नाही. २४ एप्रिल १९९४. सकाळ, पोलीस वसाहतीतलं घर. नवराबायकोची कुरबूर झाली. ती न्हाणीत कपडे धुत बसली होती, आणि त्याने वाटणाचा दगड उचलून तिच्या डोक्यात घातला. पळाला नाही, दगड लपवला नाही, दिवसाढवळ्या तिथेच. कारण काय? त्याला नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि ती नको म्हणत होती, एवढंच. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं, ते असे दुवे जोडून: वडिलांनाही मानसिक आजार होता, याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, आणि घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी इस्पितळात न्यावं लागलं होतं. त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं हे कोणी पाहिलेलं नसतं; आधीचं आणि नंतरचं पाहून मधलं ठरवायचं.

या पंचवीस खेपा कागदावर होत्या म्हणून मोजता आल्या. इथे मला कायमचं खटकतं, की चौऱ्याऐंशीचा आधार बऱ्याचदा आजारापेक्षा केसपेपरवर मिळतो. ज्याला घरच्यांनी आधी भगताकडे नेलं, मग दर्ग्यावर, मग गावी पाठवून दिलं, त्याचा आजार तेवढाच जुना असतो आणि त्याची चिठ्ठी कुठेच नसते. कळंबोलीच्या एका खोलीत तिघांबरोबर राहणाऱ्या मजुराबद्दल ‘तो रात्री एकटाच बोलायचा’ असं सांगणारे साथीदार खटला उभा राहीपर्यंत भलत्याच राज्यात कामाला गेलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये राजस्थानच्या एका खटल्यात सांगितलं, की तपासात जुना मनोविकार उघड झाला तर आरोपीची लगेच वैद्यकीय तपासणी करून ती न्यायालयापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. नाही केली तर सरकार पक्षाची बाजू लंगडी पडते. ही ओळ पोलीस ठाण्यांत भिंतीवर लावावी अशी आहे.

गुन्हा ठरवण्याच्या टप्प्यावर मेकॉलेंचा प्रश्न बंद झाला, तो शिक्षेच्या टप्प्यावर मागच्या दाराने परत आला. १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात फाशीची शिक्षा टिकली, पण ती देताना काय पाहावं याची यादी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ती सुचवली होती ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी, काही प्रमाणात अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे पाहून. सौम्य परिस्थितींच्या त्या यादीत शेवटी एक बाब अशी आहे, की आरोपी मानसिकदृष्ट्या दुर्बळ होता आणि त्यामुळे आपल्या वागण्यातली गुन्हेगारी ओळखायची त्याची कुवत घटली होती. घटली होती, संपली होती असं नव्हे. चौऱ्याऐंशीला अर्धवट कळणं चालत नाही, इथे चालतं.

पुढे २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की दयेचा अर्ज फेटाळल्यावरही मनोविकार हे फाशी रद्द करायला पुरेसं कारण आहे. आणि १२ एप्रिल २०१९ रोजी आपल्याच राज्यातला एक खटला आला. शीर्षक: ‘आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधल्या गोपनीयतेच्या कलमाचा मान राखून न्यायालयाने नाव झाकलं होतं. गुन्हा १९९९ चा, दोन लहान मुलींवर बलात्कार आणि खून. वाचवत नाही असा. फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झालेली, फेरविचार याचिका २००८ ची. न्यायमूर्ती रमणा, शांतनगौडर आणि इंदिरा बॅनर्जी यांच्या पीठाने ठरवलं, की शिक्षा सुनावल्यानंतर जडलेला वा वाढलेला गंभीर मनोविकारही मोजायचा. आपल्याला फासावर का नेत आहेत हेच ज्याला उमगत नाही त्याला फाशी देण्यात शिक्षेचा अर्थ उरत नाही. फाशी रद्द झाली. उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात. बाहेर पडायची वाट नाही, उपचाराची मात्र ठेवली.

२०२२ च्या मनोज खटल्यापासून तर फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात सत्र न्यायालयानेच आरोपीच्या मानसिक स्थितीचा अहवाल मागवावा अशी अपेक्षा आहे. बेलापूरच्या न्यायाधीशांनाही ती लागू.

पण हिशेब इथे अडतो. खुनाला कायद्याने दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. खुनाच्या बहुतेक खटल्यांत फाशीचा प्रश्नच नसतो. अशा खटल्यात आरोपी आजारी आहे हे दिसतंय, पण आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, असं न्यायाधीशांचं मत झालं की चौऱ्याऐंशी मिळत नाही. आणि मग चितळ्यांच्या यादीचाही उपयोग नाही, कारण जन्मठेपेच्या खाली उतरायला पायरीच नाही. गळा घोटताना पूर्ण शुद्धीवर असलेला सुपारीबाज आणि कानात आवाज ऐकू येणारा कळंबोलीचा तो मजूर, दोघांनाही तीच शिक्षा. इंग्लंडने १९५७ मध्ये ‘घटलेली जबाबदारी’ नावाची पायरी कायद्यात घातली, तिथे असा खून सदोष मनुष्यवधात उतरतो. आपण २०२३ मध्ये सगळी संहिता नव्याने लिहिली, तिच्या पहिल्या विधेयकात ‘मानसिक आजार’ असा शब्द घातला, संसदीय समितीने तो फारच ऐसपैस आहे म्हटल्यावर काढला, आणि ही पायरी बांधायचा विषय निघालाच नाही.