लग्न कोणत्या पद्धतीने? उत्तर जोतीरावांनी देऊन ठेवले आहे

वैजापूर तालुक्यात काम करताना तरुण आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा बौद्ध, मुलगी दुसऱ्या धर्माची; मग लग्न कोणत्या पद्धतीने लावायचे? घरचे सुचवतात: सकाळी त्रिसरण, संध्याकाळी सप्तपदी. आमच्या मते ही तडजोड नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने भटाकडून विधी करून घेणे म्हणजे शब्द मोडणे. पण ‘तुझी श्रद्धा उंबऱ्याबाहेर ठेवून ये’ असे मुलीला सांगणे हीदेखील जबरदस्तीच.

वाट आपल्याच इतिहासात आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह भटाविना लागला. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. जोतीरावांनी धर्मभावना नाकारली नाही. निर्मिक ठेवला, मधला दलाल काढला.

त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब आहे. बाई अभ्यास करून बौद्ध होते, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी; आणि सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. ‘आंतरधर्मीय’ शब्दावर आज दंड थोपटणाऱ्यांनी हे पान वाचावे.

बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले, तेही नोंदणी पद्धतीने. बौद्ध विवाहाचा विधीही त्यांनी साधाच सांगितला: होम नाही, सप्तपदी नाही.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात कोणालाच धर्म सोडावा लागत नाही. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि याच काळात घरच्यांचा दबाव वाढतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी जोडप्याच्या पाठीशी उभे राहावे. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे सांगितले, की विधी कोणताही चालतो.

म्हणून आमचे सांगणे असे: नोंदणी कायद्याने करा. समारंभात दोघांनी समतेची शपथ स्वतःच्या तोंडाने घ्या. त्यानंतर ज्याला वंदना म्हणायची त्याने वंदना म्हणावी, जिला प्रार्थना करायची तिने प्रार्थना करावी. अट एकच: कोणाचा विधी दुसऱ्यावर लादायचा नाही, आणि जात ठरवणारा मध्यस्थ मांडवात नको.

जय जोती, जय भीम!