पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

पाणचक्की : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाण्यावर चालणारी ऐतिहासिक पिठाची चक्की. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. मुसाफिर हे मध्य आशियातून दख्खनेत आलेले सूफी. त्यांच्या तकियात उतरणाऱ्या फकीर-यात्रेकरूंच्या भाकरतुकड्याची सोय व्हावी, म्हणून इथे दळण सुरू झाले. चक्कीची उभारणी साधारणपणे 1744ची मानतात आणि तिचे श्रेय निजामाचा सरदार तुर्कताज खान याला देतात. कारंज्यांचा लांबट हौद जमील बेग खानाने पुढे जोडला.

चक्कीचे खरे कसब पाणी आणण्यात आहे. हर्सूलकडच्या उंचावरून ते जमिनीखालच्या खापरी नळांनी कित्येक किलोमीटर चालत येते, उंच भिंतीवर चढते आणि तिथून धो धो हौदात कोसळते. शहर वसवणाऱ्या मलिक अंबरच्या नहरींपासून या शहराला नळांची ही विद्या अवगत होती.

पाण्याच्या जोराने पात्यांचे आडवे चाक फिरते. चाकाचा उभा आस जात्याच्या वरच्या तळीला फिरवतो. मधे दातेरी चक्रे नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. घरच्या जात्याला खुंटा धरून बसणारी बाई लागते, इथे तिचे काम पाणी करते. उत्तराखंडातले घराट, म्हणजे तिथल्या पाणचक्क्या, याच जातीचे.

हौदही नुसता शोभेचा नाही. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. भक्कम खांबांवर पेललेल्या या पाण्यामुळे खाली भर उन्हाळ्यातही गारवा राहतो. शेजारच्या जुन्या वडाच्या सावलीत पर्यटक टेकतात.

चक्कीचे पीठ दर्ग्यासाठी होते. शहराची रोटी मात्र तंदूरवाल्या भट्ट्यांत भाजली जाते. इथला नान-खलिया प्रसिद्ध आहे. मुहम्मद तुघलकाने 1327मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर तो आला, असे सांगतात. आंबवलेल्या कणकेचा गोळा थापून तंदूरच्या तापल्या भिंतीला आतून चिकटवतात आणि फुगून पिवळसर झाला की सळईने ओढून काढतात. हा जाडसर, मऊ नान मटणाच्या लालभडक, तर्रीदार खलियात बुडवून खातात. लग्नाच्या पंगतीत तो मोठमोठ्या टोपल्यांनी येतो.