टपालवाल्याची वही

ज्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत आपण येथे जमतो तिची सुरुवात १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी केली. रानडे जन्मले आपल्या शेजारच्या निफाडात, १८४२ साली. या रानड्यांचे टपाल एके काळी चोरून वाचले जात होते, ही गोष्ट मात्र व्यासपीठांवरून फारशी सांगितली जात नाही. आपण मोबाइलवर काय उघडून पाहतो यावर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची नजर कशी असते, हा आजचा विषय. त्याची मुळे तिथवर जातात, म्हणून आधी रानडे.

साल १८७९. रानडे नाशिकला न्यायखात्यात होते. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार धास्तावलेले, त्यातच मे महिन्यात पुण्याचे बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. पुण्याच्या शिकलेल्या मंडळींची बंडाला आतून फूस असावी असा साहेबाचा संशय, आणि सार्वजनिक सभेमुळे रानड्यांचे नाव त्यात पुढे. त्यांना तडकाफडकी धुळ्यास जाण्याचा हुकूम सुटला. पुढची हकीकत रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. धुळ्याला टपाल उशिरा येऊ लागले, पाकिटे फोडून पुन्हा चिकटवलेली दिसू लागली. बंडवाल्यांच्या नावाने पत्रेही येऊ लागली. रानडे ती पोलिसांकडे पाठवून देत. पुढे पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ओळख वाढवली आणि संशय फिटल्याचे कळवले.

रानड्यांपाशी लपवण्याजोगे काही नव्हते, मग बिघडले काय, असे विचारणारे भेटतात. बिघडले ते असे, की सरकारी न्यायाधीशाला स्वतःच्या घरी आलेले पत्र उघडताना आपल्याआधी ते कोणी वाचले असेल याचा हिशेब करावा लागला. पाठवणाऱ्या मित्रालाही तोच हिशेब. मग माणसे लिहितानाच हात आखडता घेतात.

त्यानंतर १८८५ च्या तार कायद्याने आणि १८९८ च्या टपाल कायद्याने सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली तारा व पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारने कागदावरच घेतला. त्याची झळ कामगारांना कशी लागली ते पाहा. १९२४ च्या कानपूर खटल्यात श्रीपाद अमृत डांगे व त्यांच्या तीन सोबत्यांना चार चार वर्षांची शिक्षा झाली. पुरावा मुख्यतः टपालात अडवलेल्या पत्रांचा. पुढे १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढवला, आणि २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड होऊन मेरठचा खटला उभा राहिला. आरोपींत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, गिरणीतले अर्जुन आळवे. मुंबईची माणसे मेरठला नेली, कारण तिथे ज्यूरी बसवावी लागत नव्हती. इथेही अडवलेल्या पत्रांचे गठ्ठे पुराव्यात आले. पत्र अडवायचे, त्याची नक्कल किंवा फोटो घ्यायचा, पाकीट पूर्ववत चिकटवून पुढे धाडायचे, अशी ती रीत. पत्र पोहोचते, म्हणून कोणाला शंका येत नाही. निकाल लागायला १९३३ साल उजाडले. तोवर पुण्याचे ठेंगडी वारले होते.

संघटनेच्या कामात एक गोष्ट मी शिकलो. फाटकावरच्या सभेत कोण काय बोलले याची मालकाला फारशी पर्वा नसते. एका कारखान्याचा माणूस पलीकडच्या टपरीवर बसून कोण कोण उभे राहिले तेवढेच टिपून घेई, आणि महिन्याभरात नेमक्या त्यांच्याच पाळ्या बदलत. भाषण ऐकण्याची गरजच नव्हती, यादी पुरे.

इंटरनेटची गत अशीच आहे. काही ब्राउझरमध्ये बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र असते. त्याचा अर्थ पाकीट बंद आहे, आतला मजकूर वाटेतल्या कंपनीला वाचता येत नाही. परंतु पाकिटावरचे नाव, म्हणजे कोणत्या संकेतस्थळावर गेलात, किती वाजता, किती वेळ, हे तिला सहसा दिसते. रात्री दोन वाजता कोणी कर्करोगाच्या रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडले, द्राक्षबागायतदाराने कर्जवसुलीच्या वकिलाचे उघडले, तर मजकूर वाचायला हवा कशाला?

आणि ही वही विकाऊ असते. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २००६ व २००७ साली फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीची यंत्रणा ग्राहकांना न सांगता त्यांच्या जोडण्यांवर चालवून पाहिली. अमेरिकेत व्हेरायझनने ग्राहकांच्या वेबवरील विनंत्यांना एक अदृश्य ओळखक्रमांक चिकटवला होता. २०१६ साली तिला साडेतेरा लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे तर वही ठेवणे सक्तीचेच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून वापराच्या नोंदी जपण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फोन ऐकण्यावर बंधने घातली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरे. पण १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा आला, तरी पाकीट अडवण्याचे कलम नव्या कायद्यातही आहेच.

उपाय थोडे आहेत, पण आहेत. २०१८ नंतरच्या बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. संकेतस्थळाचा पत्ता आपण एरवी कंपनीलाच विचारतो. या सोयीने ती विचारणा बंद पाकिटातून दुसऱ्याकडे जाते. तरीही नाव इतर वाटांनी दिसू शकते. व्हीपीएन घेतले तर कंपनीला केवळ व्हीपीएन दिसते, मात्र सगळी वही व्हीपीएनवाल्याच्या हाती जाते. टपालवाला बदलला, एवढेच. त्यातही २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपण्याचे बंधन व्हीपीएनवाल्यांवर घातले, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकट व्हीपीएनपासून तर चार हात दूर राहावे. त्याचा खर्च कुठून निघतो, हे ज्याने त्याने ताडावे.

दिंडोरीत घरोघर वायफायची जोडणी घेताना आपण महिन्याचे भाडे विचारतो, वेग विचारतो, तार कुठून येणार ते विचारतो. माझी नोंद किती दिवस ठेवता आणि कोणाकोणाला दाखवता, असे विचारताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही.