मोड आलेले धान्य आणि वनस्पती-संजीवके

दाणा भिजून त्याला मोड फुटताना त्यातील पोषकद्रव्यांत जो पालट होतो, तो दाण्यातलीच संजीवके (हार्मोन) घडवतात. हीच संजीवके बाहेरून अत्यल्प मात्रेत देऊन हा पालट वेगाने किंवा जास्त प्रमाणात घडवण्याच्या पद्धतीही या विषयात मोडतात. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात बाजरी, ज्वारी, हरभरा, मटकी, हुलगा आणि अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील नागली ही मोड आणण्याजोगी मुख्य धान्ये आहेत. द्राक्ष बागायतदार जिबरेलिक आम्ल या संजीवकाला नुसते ‘जीए’ म्हणतात. मण्यांची फुगवण करणारे हे जीए आणि ओल्या फडक्यातल्या बाजरीत आपोआप तयार होणारी संजीवके एकाच कुळातली आहेत.

पक्व दाण्याला अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संजीवक झोपवून ठेवते. हा लगाम ढिला पडला आणि ओल मिळाली, की दाणा जागा होतो. परतीच्या पावसात बाजरीची कणसे भिजत राहिली तर उभ्या पिकातच मोड फुटतात, ते यामुळेच. पाणी शोषल्यावर अंकुर जिबरेलिन सोडतो. ते दाण्याच्या कडेच्या अ‍ॅल्यूरोन थरापर्यंत पोहोचले की तिथून अल्फा-अमायलेजसारखी विकरे सुटतात आणि पिठूळ भागाची साखर होऊ लागते. अंकुर कापून टाकलेला सातूचा दाणा भिजवला तर तो तसाच राहतो, पण त्याला जिबरेलिन दिले की पिष्ट विरघळू लागते. जपानमध्ये योमो आणि ऑस्ट्रेलियात पॅलेग या शास्त्रज्ञांनी 1960 च्या सुमारास हे स्वतंत्रपणे दाखवले. जिबरेलिनचा शोध मात्र एका रोगातून लागला. 1926 मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला असे आढळले, की भाताची रोपे अवाजवी उंच करून लोळवणाऱ्या बुरशीच्या स्रावानेही रोपे तशीच वाढतात.

पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांच्या या यंत्रणेचा मोठा उपयोग बाळाच्या वाटीत दिसतो. नागलीची पेज शिजली की घट्ट होते. ती पातळ करायला पाणी वाढवले तर बाळाचे पोट भरते, पण अन्न थोडेच जाते. त्याच घट्ट पेजेत, ती जरा निवल्यावर, मोड आणून वाळवलेल्या नागलीचे चमचाभर पीठ ढवळले तर काही मिनिटांत पेज सैल पडते, आणि धान्य मात्र तेवढेच राहते. बडोद्याच्या आहारतज्ज्ञ तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात बालआहारासाठी हे तंत्र अभ्यासून पुढे आणले. पेज उकळती असताना पीठ घातले, किंवा पीठ आधीच खरपूस भाजले, तर विकर मरते आणि हा गुण जातो. नागलीचे सत्त्व करताना ते खमंग भाजण्याची घरोघरची सवय चवीला चांगली आहे, पण पेज सैल करण्यासाठी थोडे पीठ न भाजता वेगळे काढून ठेवावे.

मोड आल्याने लोह ‘वाढते’ हे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. दाण्यात जेवढे लोह आहे तेवढेच राहते, उलट भिजवणाचे पाणी ओतून दिले तर थोडे कमीच होते. बदल होतो तो ते अंगी लागण्यात. मोड येताना फायटेज हे विकर जागे होते आणि लोह व जस्त बांधून ठेवणारे फायटिक आम्ल तोडते. म्हणून मुळात लोह जास्त असलेले वाण निवडणे आणि त्याला मोड आणणे ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना 1968) इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर आणलेले आणि 2012 मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण याच कामाचे आहे. त्यात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. ‘क’ जीवनसत्त्व मात्र खरोखरच नव्याने तयार होते. मुगाच्या 100 ग्रॅम कच्च्या मोडांत ते सुमारे 13 मिलिग्रॅम असते, शिजवल्यावर बरेच घटते.

कडधान्यात इथिलीन या वायुरूप संजीवकाचे काम डोळ्यांना दिसते. मटकीची पुरचुंडी सैल असेल तर मोड लांब आणि तारेसारखे येतात. गच्च बांधून वर वजन ठेवले तर आखूड आणि जाड येतात. वाढीला अडथळा झाला की कोंभ जास्त इथिलीन सोडतो, आणि इथिलीन त्याची लांबी रोखून जाडी वाढवते. नेल्युबोव्ह या शास्त्रज्ञांनी 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये वाटाण्याच्या रोपांवर इथिलीनचा हाच परिणाम नोंदला होता. फडके आवळून बांधणाऱ्या बाईच्या हाताला संजीवकाचे हे गणित ठाऊक असते, आणि त्यासाठी तिला बाहेरून काही घालावे लागत नाही.

बाहेरून संजीवक देण्याची रुळलेली पद्धत सातूला मोड आणून माल्ट करण्याच्या उद्योगात आहे. तिथे किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशाइतके जिबरेलिक आम्ल माल्ट तयार होण्याचे दिवस कमी करते. ब्रोकोली आणि मोहरीच्या कुळातील मोडांवर मिथाइल जॅस्मोनेट हे संजीवक फवारले तर रोप किडीचा हल्ला झाल्यासारखे वागते आणि तिखट गंधकयुक्त द्रव्ये वाढवते. पण बाजार पोषणापेक्षा दिसण्यामागे लागतो. चीनमध्ये बिनमुळ्यांचे, जाडजूड मोड काढण्यासाठी 6-बेन्झिलअ‍ॅडेनिन आणि जिबरेलिन ही संजीवके सर्रास वापरली जाऊ लागली, तेव्हा 2015 मध्ये मोडांच्या उत्पादनात त्यांवर बंदी आली. शेतासाठी आणलेली जीएची पुडी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. ती पिकासाठी आहे, तिची मात्रा घरच्या वजनकाट्यावर मोजता येत नाही, आणि मटकी-हुलग्याला तिची गरजही नाही.

मोड आणण्यासाठी खाण्याचेच धान्य घ्यावे. पेरणीच्या पिशवीतले रंगीत बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते. उबदार ओलीत जिवाणूही झपाट्याने वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय संसर्गाने 50 हून अधिक जणांचा जीव गेला. त्या दृष्टीने उसळ शिजवून खाण्याची आपली रीत सुरक्षित आहे. ज्वारीच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी. कोवळी ज्वारी चरल्यावर जनावराला किराळ (विषबाधा) लागते, ती ज्या द्रव्यामुळे, ते सायनाइड देणारे धुरिन ज्वारीच्या मोडातही असते. म्हणून मोड आलेली ज्वारी कडक वाळवून, हाताने चोळून, कोंभ-मुळ्या पाखडून टाकाव्यात आणि उरलेला दाणाच दळायला द्यावा.